रविवार दुपारची जगबुडी

माझ्या धाकट्या आत्याने जगाचा शेवट जितक्या वेळा पाहिला आहे, तितक्या वेळा तो पाहण्याची पाळी एखाद्या देवावरही आली नसेल. बर्फाने गोठून, सूर्याने भाजून, उल्का पडून, समुद्र चढून, जमीन दुभंगून, एकदा तर निव्वळ मुंग्यांनी पोखरून, अशा नाना तऱ्हांनी पृथ्वी तिच्यासमोर नष्ट व्हायला निघाली आणि दर खेपेला संध्याकाळच्या आत वाचली. हे सगळं घडलं पिंपळगाव राजाला, गावाच्या कडेला असलेल्या तिच्या घरातल्या पत्र्याच्या खोलीत, भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीखाली ठेवलेल्या टीव्हीवर. आत्या समोर प्लास्टिकच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसलेली, मांडीवर तुरीच्या डाळीचं ताट, आणि चेहऱ्यावर भाव असा, की बुडायचं असेल तर जगाने नीट बुडावं, उगाच लोकांचा वेळ खाऊ नये.

आत्या नर्स होती. आसपासच्या खेड्यांमधून आधी सायकलवर आणि मग मोपेडवर फिरत तिने उभी नोकरी काढली. आतोबा फार लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. निवृत्त झाल्यावर तिने हे घर बांधलं: पुढे पत्र्याची मोठी खोली, मागे स्लॅबचं लहानसं स्वयंपाकघर. लोक पुढच्या बाजूला स्लॅब टाकतात आणि मागे पत्रे, हिने उलटं केलं. गवंड्याने कारण विचारलं तर म्हणाली, "पुढच्या खोलीत पाहुणे बसतात, सैपाकघरात मी. मजबूत कोणतं पाह्यजे, तूच सांग."

मी खामगावच्या एका कॉलेजात मराठी शिकवतो. आठवडाभर बैठकांना बसून, तीच माहिती नव्या नमुन्यात भरून देऊन आणि न वाचलेल्या कवितांवरची उत्तरं तपासून रविवारी मी इतका शिणलेला असतो की जेवणानंतर कोणी मला नुसतं भिंतीला टेकवून ठेवलं तरी चालावं. तरीही दुपारी गाडी काढून आत्याकडे जातो. वडील गेल्यापासून हा नेम आहे, कारण आता तिला नावाने हाक मारणारं कोणी उरलेलं नाही, निदान 'आत्या' म्हणणारं तरी एखादं असावं. आणि दर रविवारी मी पोचतो तेव्हा एका हिंदी वाहिनीवर जग धोक्यात आलेलं असतं.

हे सिनेमे थिएटरात कधी लागलेले नसतात. परदेशात कुठेतरी टीव्हीसाठीच म्हणून ते थोडक्या खर्चात उरकतात आणि मग हिंदीत आवाज भरून आपल्याकडे पाठवतात. त्यांची नावं सगळी 'महा' या अक्षरांनी सुरू होत असल्यामुळे आत्याने ती कधीच लक्षात ठेवली नाहीत. ती त्यांना 'तो बर्फाचा', 'तो मुंग्यांचा', 'तो टकल्याचा' असं ओळखते. टकल्या म्हणजे एक शास्त्रज्ञ, जो तीन-चार वेगवेगळ्या सिनेमांत वेगवेगळ्या कारणांनी मरतो. तो पडद्यावर दिसला की आत्या डाळ निवडता निवडता हळहळते, "आला पाह्य बिचारा मराले."

दोष काढण्यात तिचा हात धरणारा माणूस मला विद्यापीठातही भेटलेला नाही. वादळ सुटलं, झाडं मोडली, गाड्या उडाल्या, आणि नायिका मोकळ्या मैदानात उभी, तर आत्या खुर्चीतून पुढे वाकते. "हिचे केस काऊन उडत नाहीत बे? मोटार उडून राह्यली अन् बट हालत नाही. तेल तरी कोणतं लावते?" भूकंपात सगळी खोली हलते, पण टेबलावरचा पाण्याचा पेला हलत नाही, हे तिला दिसतं. पळणाऱ्या गर्दीत लाल शर्टवाला एक इसम आधी डावीकडून उजवीकडे आणि मग उजवीकडून डावीकडे पळतो, हे तिला दिसतं. अख्ख्या देशाची फौज म्हणून एक अधिकारी आणि दोन शिपाई उभे केलेले असतात, तेही तिला दिसतं. नायकाचं बोलणं संपल्यावरही त्याचं तोंड हलत राहतं, तेव्हा ती माझ्याकडे बघून म्हणते, "तुह्या कॉलेजातल्या भाषणासारखं आहे." उल्केच्या सिनेमांविषयी तर तिला मुळातच आदर नाही. "आपल्या लोणारले पडली नाही का? पडली, खड्डा झाला, पाणी भरलं, लोकं देवळं बांधून मोकळे झाले. एवढं बोंबलाले काय झालं?"

तिचा खरा संताप होतो तो बाळंतपणाच्या वेळी. अशा सिनेमात एक तरी गरोदर बाई असते आणि ती नेमकी प्रलयाच्या तोंडावर मोटारीच्या मागच्या सीटवर अडते. नवरा दोनदा "जोर लगाओ" म्हणतो आणि लगेच कोरडंठाक, गुबगुबीत, डोळे उघडे असलेलं मूल आईच्या हातात येतं. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा आत्या उठून टीव्हीजवळ गेली होती. "हे पोट्टं तीन महिन्यांचं आहे!" ती ओरडली. "नुसते दात यायचे राह्यले! नाळ कुठं गेली? वार कुठं गेली? अन् ही बाई लगेच पळूनही राह्यली!" त्या दिवशी तिने पुढचा अर्धा तास पृथ्वीकडे लक्षच दिलं नाही. ज्या जगात बाळंतपण असं होतं ते जग वाचलं काय आणि बुडालं काय, असा तिचा एकूण सूर होता.

दुसरा राग कुत्र्याचा. सगळे गाडीत बसलेले असतात, मागून लाव्हा येत असतो, आणि एवढ्यात घरातली मुलगी किंचाळते की आपला कुत्रा मागे राहिला. मग बाप उतरतो, किंवा आई उतरते, किंवा टकल्या उतरतो आणि तो मात्र परत येत नाही. "मर मंग," आत्या थंडपणे म्हणते. "कुत्र्यासाठी मर. अशा माणसाले वाचवून तरी काय करता?"

पण नुसते दोष काढणारी माणसं मी रोज स्टाफरूममध्ये पाहतो. आत्याचं वेगळेपण असं की ती गुणही तितक्याच ठसक्यात सांगते. तिच्या मते या सिनेमांचा पहिला गुण म्हणजे ते कुठूनही पाहता येतात. मध्येच गॅसवाला आला, दूध उतू गेलं, डुलकी लागली, काही बिघडत नाही, कारण दर जाहिरातीनंतर कोणीतरी कोणालातरी आतापर्यंत काय झालं ते सांगतंच. दुसरा गुण, ज्या शास्त्रज्ञाचं सुरुवातीला कोणी ऐकत नाही, त्याचं शेवटी सगळे ऐकतात, आणि साहेब येऊन "माझं चुकलं" म्हणतो. "असा साहेब म्या नोकरीत पाह्यला नाही. सिनेमात तरी पाहू दे." तिसरा गुण, फारकत घेतलेले नवरा-बायको प्रलयात हमखास एक होतात. एका रविवारी दमून मी म्हणालो, "आत्या, चांगलं काही लावत जा ना. किती चांगले सिनेमे असतात." तिने ताटातला खडा उचलून बाजूला ठेवला. "चांगल्या सिनेमात लक्ष द्या लागते, बाबू. माह्यात आता तेवढा दम नाही. या सिनेमायचं बरं असते. हे आपल्याजवळून काही मागत नाहीत."

हे वाक्य मी आजवर वाचलेल्या पुष्कळ समीक्षेपेक्षा जास्त वेळा आठवलं आहे.

मागच्या उन्हाळ्यात मात्र वादळ टीव्हीच्या बाहेर आलं. त्या रविवारी वैशाखातली दुपार अशी तापलेली होती की पत्र्याखाली ठेवली तर कणीकही भाजली असती. पडद्यावर चक्रीवादळ एका शहराकडे सरकत होतं आणि आम्ही दोघं पेंगत होतो. एकाएकी उजेड पिवळा पडला, वीज गेली, टीव्ही विझला. "घ्या," आत्या म्हणाली, "आता कोण वाचवते या लोकायले?" ती हसतच होती, तोच वाऱ्याचा पहिला झोत आला आणि दार भिंतीवर आपटलं. पत्र्यांवर वजन म्हणून ठेवलेले दगड गडगडायला लागले. बाहेर धुळीची भिंत उभी राहिली होती. कडुलिंबाची फांदी कडाडून रस्त्यावर पडली. मी ओरडलो, "आत्या, मागं चाल, सैपाकघरात!"

आत्या उठली, पण मागे गेली नाही. पदर कमरेला खोचून ती पुढच्या दाराकडे निघाली.

तिच्या घराला लागून एका म्हाताऱ्या बाईचं मातीच्या भिंतींचं घर आहे. या शेजारणीशी आत्याचं बोलणं बंद होतं. सार्वजनिक नळावर कोणाची घागर आधी लावायची, यावरून कधीकाळी कडाक्याचं भांडण झालं होतं आणि तेव्हापासून दोघी एकमेकींना ऐकू जाईल अशा बेताने भिंतीशी बोलत. शेजारीण एकटी, गुडघ्यांनी अधू, आणि एक बकरी एवढाच तिचा संसार.

"कुठं चालली?" मी हात धरला.

"तिचं घर पडून राह्यलं," आत्या म्हणाली. "सोड."

मी तिच्यामागे धावलो. शेजारीण खाटेच्या कडेला धरून बसली होती, वरचे दोन पत्रे कधीच उडाले होते. आत्याने तिला बगलेत हात घालून उठवलं. इतक्या काळाच्या अबोल्यानंतर दोघींमधला पहिला संवाद मी माझ्या कानांनी ऐकला आहे.

"ऊठ व, चाल."

"माही बकरी!"

"मरू दे बकरी!"

"मंग मी बी नाही येत!"

आत्याने एकदा आभाळाकडे पाहिलं, तोंडातल्या तोंडात जे म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि शेजारणीला माझ्या अंगावर ढकलून ती अंगणात गेली. गारा सुरू झाल्या होत्या. खुंट्याला बांधलेली बकरी चारही पाय रोवून उभी. आत्या दावं ओढते आहे, बकरी मागे ओढते आहे, आणि आत्याचे पांढरे केस सगळ्या दिशांना उडत आहेत. मी एका हाताने शेजारणीला सावरत दुसऱ्या हाताने बकरीला मागून लोटलं. ती एकदम सुटली आणि आत्या दाव्यासकट चिखलात पडली. त्याच क्षणी मागे तोफ उडाल्यासारखा आवाज झाला. वळून पाहिलं तर आत्याच्या पुढच्या खोलीचं छत कागदासारखं उचललं जाऊन शेतात निघालं होतं, आणि त्यावरचे दगड खाली कोसळत होते.

मागच्या दाराने आम्ही स्वयंपाकघरात शिरलो. आम्ही तिघं आणि बकरी, त्या एवढ्याशा स्लॅबखाली, ओट्याला पाठ लावून बसलो. वादळ ओसरल्यावर मी पुढे जाऊन पाहिलं. प्लास्टिकच्या खुर्चीचे तुकडे झाले होते. टीव्हीत एक दगड जाऊन बसला होता. मी बसलो होतो त्या पलंगावर छत पेलणारी लोखंडी कैची मोडून आडवी पडलेली. मी दाराला धरून उभा राहिलो. आत्या मागून आली. तिचं उजवं मनगट सुजून वाकडं झालं होतं आणि ते तिने डाव्या हातात एखादी परकी वस्तू धरावी तसं धरलं होतं. तिने खुर्चीकडे पाहिलं, टीव्हीकडे पाहिलं.

"बकरीनं वाचवलं म्हणे," ती म्हणाली. "असं सिनेमात दाखवलं असतं त म्या किती शिव्या घातल्या असत्या."

गावात कोणाचा जीव गेला नाही, पण घरं पुष्कळांची उघडी पडली. शेजारणीला तिचा भाऊ येऊन घेऊन गेला, बकरीसकट. आत्याच्या हाताला प्लास्टर चढलं आणि मी तिला खामगावला आमच्याकडे आणलं.

आमच्याकडे ती शहाण्यासारखी राहिली, आणि त्याचीच मला काळजी वाटत होती. जेवायला वाढलं की जेवायची, दिवसभर बाल्कनीत बसायची, कशालाच नाव ठेवायची नाही. माझ्या मुलीला वाटलं, आजीला तिचे सिनेमे पाहिजेत. तिने आमच्या मोठ्या टीव्हीवर इंटरनेटवरून एक प्रलयाचा सिनेमा लावला. हा मात्र खराखुरा, पुष्कळ खर्चून काढलेला. लाट आली ती अशी, की मी सोफ्यावर मागे सरकलो. माणसं पाण्याखाली हात मारताना दिसत होती, एक आई काचेपलीकडे अडकली होती. केस उडत होते, पेले हिंदकळत होते, सगळं जिथल्या तिथे होतं. मी मुद्दाम आत्याकडे पाहिलं, म्हटलं आता तरी दाद देईल. ती उठली.

"बंद कर, माय," ती मुलीला म्हणाली. "यात माणसं खरीच मरून राह्यली."

मुलगी हिरमुसली. माझ्या बायकोने आत्याला चहा दिला, शेजारी बसली, आणि जे मला इतक्या रविवारांत सुचलं नव्हतं ते तिने सरळ विचारलं. "आत्याबाई, तुम्ही नोकरीत एवढं पाहिलंत. मग रविवारी पुन्हा तेच काय पाहता? खोटं का असेना, मरणंच ना ते?"

आत्याने चहा फुंकून एक घोट घेतला. मग सांगायला लागली, ते बाल्कनीच्या गजांकडे पाहून.

"एका पावसाळ्यात नदीपलीकडच्या वाडीत हगवण-ओकारीची साथ आली. निरोप आला तशी म्या सलाईनच्या बाटल्या बांधल्या अन् निघाली. नदीले पूर. नाववाला म्हणे, नाही जात. काठावर उभी राह्यली मी. पलीकडचे लोकं दिसून राह्यले होते. हात करत होते. म्या बी हात केला. दुसरं काय करू? एका बाईनं पोरगं वर उचलून दाखवलं मले. दुरून. मले वाटते तिले वाटलं, जवळून पाह्यलं की मी येईन."

"मग?" बायकोने विचारलं.

"मंग काय. पाणी उतरलं. गेली मी." तिने कप खाली ठेवला. "तवा उशीर झाला होता. मले कोणी काही म्हटलं नाही. त्या बाईनं त पाणी देल्लं प्याले."

आत्यानेच पुढे बोलायला सुरुवात केली, आणि आता तिच्या आवाजात ते नेहमीचं खडे निवडणं परत आलं होतं. "सिनेमात कसं, मागं पूल पडते, मोटार हवेत उडते, पण गडी पलीकडं पोचतेच. सगळी फेकाफेकी आहे, मले का समजत नाही? पूल पुठ्ठ्याचा असते. मेलेलं माणूस श्वास घेताना दिसते. पण म्हणूनच पाहवते ना, बाई. खऱ्यासारखं केलं असतं त कोणी पाह्यलं असतं?"

प्लास्टर निघालं तसा तिने घराचा धोशा लावला. मी "इथेच राहा" म्हणून पाहिलं. "तुह्या घरात मले कशालेच नावं ठेवता येत नाहीत," ती म्हणाली, "पाहुण्यासारखं वाटते." नवे पत्रे चढले, यावेळी हुकांनी आवळून. मी एक टीव्ही नेऊन दिला, तिच्या आग्रहावरून लहानच. मोठ्यावर पुठ्ठा दिसतो म्हणे. शेजारीणही भावाकडे फार दिवस टिकली नाही. घर पुन्हा उभं राहीपर्यंत ती आत्याच्याच पुढच्या खोलीत झोपायची, आणि आता स्वतःच्या घरी गेली असली तरी रविवारी दुपारी येऊन बसते. बकरी दाराच्या कडीला बांधलेली असते. शेजारणीला हिंदी फारसं कळत नाही, त्यामुळे ती प्रत्येक मरणाऱ्यासाठी मनापासून रडते आणि आत्या तिला सांगत बसते की तो टकल्या आहे, तो पुढच्या रविवारी परत येणार. त्यांचं भांडण होतं, पण आता सरळ तोंडावर होतं. नळाचा विषय मात्र दोघी काढत नाहीत.

आत्या अलीकडे फार थकली आहे. मनगट पाऊस आला की ठणकतं, डाळीचं ताट हातात धरवत नाही, दोष निघतात तेही पहिल्या अर्ध्या तासातच. परवाच्या रविवारी गेलो तर चंद्र जागेवरून सुटून पृथ्वीकडे निघाला होता. शेजारीण मध्यंतरातच डोळे पुसत, कडीची बकरी सोडून घेऊन घरी गेली. शास्त्रज्ञाने फळ्यावर काहीतरी लिहायला घेतलं तेव्हा आत्याने खुर्ची सोडली आणि पलंगावर आडवी होऊन पदर तोंडावर ओढला.

"अजून शेवट व्हायचा आहे, आत्या," मी म्हटलं.

"तू पाह्य," पदराआडून आवाज आला. "लय वेळा म्या जागून वाचवलं. जग वाचलं त मले उठवजो. नाही वाचलं त झोपू दे."

मी पाहत राहिलो. दिवस कलायच्या आत चंद्र जागेवर गेला, नवरा-बायको भेटले, साहेबाने माफी मागितली. मी टीव्ही बंद केला. खोलीत पंख्याचा आवाज होता आणि आत्याचा श्वास संथ, एका लयीत चालला होता. उठवायचं ठरलं होतं, पण मी तसाच बसून राहिलो.